कुलचिन्ह: दारावर कीं भिंतीवर?

भिंतीला चिकटवावयाचा रंगीत कागद आज कोणत्याही मोठ्या शहरांत गुंडाळ्यांनीं विकत मिळतो, आणि औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, त्याला अपवाद नाहीं. त्या कागदांत एक जात अशी असते कीं, तिच्यावर मध्ययुगीन युरोपांतील ढाल छापलेली असावी, ढालीवर मागल्या दोन पायांवर उभा राहिलेला सिंह असावा, शेजारीं लिलीचें फूल किंवा एखाद्या गढीचा बुरूज असावा, आणि हीच आकृति हात-दीड हाताच्या अंतरानें छतापासून जमिनीपर्यंत पुनः पुनः यावी. घरधनी तो कागद दिवाणखान्याला किंवा मुलाच्या अभ्यासाच्या खोलीला लावतो. खोलीला किल्ल्याची कळा आली असें त्याला वाटतें. गंमत अशी कीं, त्याच शहरापासून तीन-चार कोसांवर एक खराखुरा मध्ययुगीन किल्ला उभा आहे. देवगिरी अथवा दौलताबाद येथील राजांनीं आपल्या महालांच्या भिंतींवर काय लावलें होतें, हा प्रश्न त्या कागदाच्या निमित्तानें विचारण्यासारखा आहे. आणि त्याचें उत्तर थोडें अनपेक्षित आहे.

प्रथम त्या ढालीची हकीकत. युरोपांत १२ व्या शतकांत लढवय्याचें अंग लोखंडी चिलखतानें व तोंड शिरस्त्राणानें झांकलें जाऊं लागलें, आणि रणांत किंवा झुंजीच्या मैदानांत माणूस ओळखावा कसा ही अडचण पडूं लागली. ढालीवर ठळक रंगांत काढलेलें चिन्ह ही त्यावरची तोड, असें सामान्यतः मानलें जातें. पुढें तें चिन्ह बापाकडून मुलाकडे जाऊं लागलें आणि कुळाची मालमत्ता होऊन बसलें. मालमत्ता म्हटली कीं तंटा आलाच. इ. स. १३८५ मध्यें इंग्लंडच्या राजाची फौज स्कॉटलंडवर चालून गेली असतां स्क्रोप व ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या ढालींवर एकच चिन्ह आढळलें: निळ्या क्षेत्रावर तिरपा सोनेरी पट्टा. एवढ्याशा पट्ट्यासाठीं सुमारें पांच वर्षें खटला चालला. शेंकडों साक्षी झाल्या, त्यांत चॉसर कवीचीही एक साक्ष होती. आणि अखेर पट्टा स्क्रोपच्या पदरीं पडला. चिन्ह म्हणजे नुसती शोभा नव्हे, तर ‘मी कोण’ याचा पुरावा, ही त्यामागची भावना होती.

अशीं चिन्हें थडग्यांवर, खिडक्यांच्या रंगीत कांचांत, फरशांवर आणि पडद्यांवर पूर्वींच आलीं होतीं. कागदावर तीं मोठ्या थाटानें आणलीं ऑगस्टस प्यूजिन या शिल्पकल्पकानें. लंडनमधील पार्लमेंटची जुनी वास्तु १८३४ च्या आगींत भस्म झाली. नवी वास्तु चार्ल्स बॅरी यानें उभारली, पण तिचें अंतरंग बव्हंशीं प्यूजिनच्या हातचें. तेथील दालनांसाठीं त्यानें गुलाब, सिंह, लोखंडी जाळीचा दरवाजा अशीं राजसत्तेचीं चिन्हें घेऊन कागदांचे नमुने केले आणि ते लांकडी ठशांनीं छापले गेले. प्यूजिनचा एक आग्रह लक्षांत ठेवण्यासारखा आहे. भिंत ही सपाट वस्तु आहे. तेव्हां तिच्यावरील नक्षीही सपाटच असली पाहिजे. कमानी व मनोरे छायाप्रकाशासह कागदावर छापून तेच तेच चित्र जमिनीपासून छतापर्यंत चढविण्याच्या चालीची त्यानें १८४१ च्या आपल्या ग्रंथांत यथेच्छ थट्टा केली आहे. बिचारा चाळिशींतच, १८५२ मध्यें, वारला. नाहीं तर पुढें बाजारांत काय काय आलें तें पाहून त्याला आणखी एक ग्रंथ लिहावा लागला असता.

पार्लमेंटच्या भिंतीवर राजाचा गुलाब शोभतो, कारण तें घरच राजसत्तेचें. परंतु ठसा एकदां कोरला म्हणजे तो कोणाच्याही भिंतीसाठीं उठवितां येतो. ज्या पट्ट्यासाठीं पांच वर्षें खटला चालला, तसले पट्टे वारावर विकले जाऊं लागले. कुळ गेलें आणि नक्षी राहिली.

आतां दख्खनकडे वळावें. येथें राजचिन्हें नव्हतीं असें मुळींच नाहीं. १२ व्या शतकाच्या अखेरीस पांचव्या भिल्लमानें देवगिरीस राजधानी केली. त्याचे वंशज यादव राजे स्वतःला विष्णुवंशीय म्हणवीत आणि ‘सुवर्णगरुडध्वज’ असें बिरुद लावीत. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवरही गरुड आढळतो. म्हणजे चिन्ह होतें, तें वंशाचें होतें, आणि त्याचा अभिमानही होता. पण त्याची जागा पाहावी. तें निशाणावर आहे, मुद्रेवर आहे. जेथें राजाची आज्ञा घराबाहेर पडते तेथें आहे. त्याच काळच्या देवळांत गर्भगृहाच्या दारावरील पट्टीच्या मध्यभागीं देवतेची एक लहानशी आकृति कोरलेली असते. तिला ललाटबिंब म्हणतात. दारावरच्या त्या एका बिंबावरून देऊळ कोणाचें याची कल्पना येते. आंतल्या चारही भिंतींवर तेंच बिंब गिरवीत बसण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. पुढें वाड्यांच्या दारांवर जी गणेशपट्टी आली ती याच चालीची.

किल्ल्यांतही तोच प्रकार. शरभ नांवाचें एक कल्पित जनावर आहे. अंग सिंहाचें, पण बळ सिंहाहून मोठें. हा शरभ, किंवा त्याच्यासारखा दिसणारा सिंह-व्याघ्र, दख्खनच्या दरवाज्यांवर जागोजाग भेटतो. जंजिऱ्याच्या महाद्वारीं तो पंज्यांत हत्ती दाबून उभा आहे. बीदरच्या शर्झा दरवाज्यावर असे दोन पशु आहेत. त्या दरवाज्यावर १५०३ सालचा लेख आहे. रायगडाच्या महादरवाज्यावरही शरभ आहेत. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी हत्तींना चोंचींत व नखांत उचलून नेतांना दिसतो; तोच पक्षी पुढें म्हैसूरच्या वाडियार घराण्याचें चिन्ह झाला. दौलताबादच्या मेंढा तोफेचें मागलें टोंक मेंढ्याच्या मुंडक्याचें आहे, तेंही याच गोतावळ्यांत बसावें.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. जंजिरा सिद्दीचा, बीदर बहमनींचें, रायगड शिवछत्रपतींचा. धर्म निराळे, घराणीं निराळीं, वैरही कमी नव्हतें. तरी दारावरचें जनावर जवळजवळ एकच. स्क्रोप आणि ग्रोव्हनर असते तर केवढा खटला माजला असता! पण येथें शरभ कोण्या एका कुळाचा नव्हता. तो दाराचा होता. जो त्या दाराच्या आंत राज्य करील त्याच्या बाजूनें त्यानें बाहेरच्यावर गुरगुरावें, एवढेंच त्याचें काम. किल्ला जिंकणाऱ्याला म्हणूनच तो फोडून टाकण्याचें विशेष कारण पडत नसे.

दाराच्या आंत चिन्ह कधींच आलें नाहीं असें म्हणणें मात्र चुकीचें होईल. १५ व्या शतकांत बहमनी राजधानी बीदरला होती, आणि बहमनी दरबारांत इराणी माणसांची व इराणी चालीरीतींची मोठी चलती होती. तेथील तख्त महालाच्या एका कमानीच्या दोन्ही खांद्यांवर रंगीत चकाकीच्या फरशांत एक आकृति बसविलेली आहे: सिंहासारखें जनावर आणि त्याच्यामागून उगवणारा सूर्य. हें इराणी धाटणीचें राजचिन्ह. युरोपांतील सिंहाच्या ढालीला दख्खनमध्यें शोभेल असा जोडीदार शोधावयाचा तर तो हाच. परंतु तेथेंही तो कमानीच्या खांद्यावर आहे. राजा ज्या कमानीखालून दिसावयाचा त्या कमानीवर. कमान हें शेवटीं दारच.

आतां दौलताबादचा चिनी महाल पाहावा. काळ्या कोटाजवळ उभी असलेली ही दुमजली वास्तु आज पडक्या स्थितींत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चकाकीच्या फरशांचें काम होतें. त्यावरूनच तिला चिनी महाल हें नांव पडलें. आज त्या फरशांच्या तुटक्या पट्ट्याच तेवढ्या उरल्या आहेत. काळ्याभोर दगडावर त्या निळ्या रंगाचा तुकडा उन्हांत चमकला म्हणजे सारी भिंत कशी दिसत असेल याची अटकळ करतां येते. त्या पट्ट्यांत आहे काय? नक्षी. ढाल नाहीं, सिंह नाहीं, गरुड नाहीं. त्या तुकड्यांवरून महाल कोणाचा होता हें ओळखतां यावयाचें नाहीं.

आणि ह्या किल्ल्याला मालक थोडे झाले नाहींत. १३१८ मध्यें यादवांचें राज्य दिल्लीच्या सुलतानांनीं खालसा केलें. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें येथें राजधानी आणून दौलताबाद नांव दिलें. १३४७ मध्यें येथेंच बहमनी राज्याचा पाया पडला. १४९९ मध्यें किल्ला निजामशाहीकडे आला; १६३३ मध्यें मोगलांनीं घेतला; पुढें हैदराबादच्या निजामाकडे गेला; आणि उद्गीरच्या लढाईनंतर १७६० मध्यें कांहीं काळ मराठ्यांच्याही हातीं होता. प्रत्येकानें भिंतीभिंतीवर आपलें कुलचिन्ह चढविलें असतें, तर प्रत्येक वेळीं दुसऱ्याला टांकी घेऊन बसावें लागलें असतें.

चिनी महालाचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी त्याचा मालक नव्हताच. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन, लोक ज्याला तानाशाह म्हणतात, तो १६८७ मध्यें औरंगजेबाच्या हातीं सांपडला. त्या प्रसंगाचें वर्णन खाफीखानानें केलें आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं दरवाजा फितुरीनें उघडला, मोगल सरदार महालांत घुसले. आणि सुलतान शांतपणें त्यांना सामोरा गेला, त्यांना बसवून घेतलें, आणि नेहमींच्या वेळीं नेहमींप्रमाणें जेवणाचें ताट मागविलें. अशा वेळीं घांस गळ्याखालीं उतरतो कसा, असें सरदारांना वाटलें. त्याच्या लेखीं मात्र दैन्य व वैभव हीं दोन्हीं एकाच दात्याचीं देणीं होतीं. त्याच्या गोवळकोंड्याच्या बाला हिसार दरवाज्यावर सिंहादि पशूंचीं शिल्पें होतीं, तीं आजही आहेत. तीं त्याचें रक्षण करूं शकलीं नाहींत. दौलताबादेस चिनी महालांत त्याला कैदेंत ठेवलें, आणि सुमारें एक तप तेथें काढून तो तेथेंच वारला. खुलताबादच्या भूमींत त्याची कबर आहे. ज्या भिंतींवर कोणाचेंच चिन्ह नव्हतें, त्यांच्या आड राज्य गमावलेल्या राजाचे दिवस गेले. दुसऱ्याच्या विजयाची आकृति रोज डोळ्यांसमोर उभी राहण्याचें दुःख तेवढें त्याच्या वांट्याला आलें नाहीं.

शहरांतील बीबीच्या मकबऱ्याकडे पाहिलें तरी हीच गोष्ट दिसते. १६६०-६१ सालीं अताउल्ला व हसपतराय यांच्या देखरेखीखालीं हें काम झालें. खालच्या भागांत संगमरवर, त्यावर घुमटाच्या बुडापर्यंत काळा दगड, आणि त्या दगडावर चुन्याचा गिलावा घोटून घोटून संगमरवरासारखा केलेला. पैसा कमी पडला म्हणून चुना आला, असें म्हणून या मकबऱ्याला हिणविण्याची एक चाल आहे. चुन्याच्या कामाकडे जवळून पाहणारा माणूस असें म्हणणार नाहीं. जिच्यासाठीं ही वास्तु उभारली ती दिलरस बानू इराणच्या सफवी राजवंशांतील. सिंह-सूर्याचें चिन्ह कोणाच्या थडग्यावर शोभावयाचें तर तें तिच्या. पण मकबऱ्याच्या भिंतींवर रमते ती फुलें, वेली आणि भौमितिक जाळ्या यांची नक्षी.

मग येथल्या घरांत खोली सजवीत कशानें? मुख्यतः कापडानें. पडदे, लोड-तक्के, गालिचे, भिंतीवर सोडलेले कनाती वस्त्रपट; सण आला कीं काढावे, सण गेला कीं घडी घालून पेटींत ठेवावे. औरंगाबादचें हिमरू हें त्यांतलें मोठें नांव. किनखाबांत सोन्याचांदीची जर असते. हिमरूंत ती नाहीं. सुताच्या अंगावर रेशमाचा जादा आडवा धागा खेळवून नक्षी उठवावयाची, म्हणजे किनखाबाचा देखणेपणा थोड्या खर्चांत साधतो. जुन्या मागावर एक कारागीर खालीं विणीत असे आणि दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या क्रमानें ओढून उभे धागे उचलीत असे. एक दोरी चुकली कीं फूल वांकडें. तुघलकाबरोबर हे विणकर येथें आले अशी समजूत आहे. हिमरूवरही नक्षी पुनः पुनः येते, अगदीं त्या छापील कागदासारखीच. परंतु पुनरावृत्ति होते ती बुट्ट्यांची, पानांची, बदामांची. वंशाचें चिन्ह तेथें नाहीं, म्हणून तें कापड निजामाच्या वाड्यांतही शोभलें आणि किराणा दुकानदाराच्या मुलाच्या लग्नांतही. हातमाग आज थोडे उरले आहेत, हें दुर्दैव.

या शहराचा ज्याच्याशीं संबंध सांगितला जातो असें एक कुलचिन्ह मात्र आहे, आणि तें सिंहही नव्हे, गरुडही नव्हे. तें भाकरीचें आहे. आख्यायिका अशी कीं, पहिला निजाम निजाम-उल्-मुल्क औरंगाबादचे सूफी संत निजामुद्दीन यांच्या भेटीस गेला. संतांनीं पिवळ्या फडक्यांत बांधलेले कुलचे त्याच्यापुढें ठेवले. भुकेल्या पाहुण्यानें सात खाल्ले. आणि संतांनीं सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद दिला. आसफजाही निशाणाचा पिवळा रंग व त्यावरचें वाटोळें चिन्ह यांचें मूळ या कथेंत सांगतात. कथेचा खरेपणा कोणी तपासूं नये. पण चिन्ह निवडतांना या घराण्यानें पराक्रमाची नव्हे, तर उपकाराची आठवण पुढें केली, हें खरें. १७६३ च्या सुमारास राजधानी औरंगाबादहून हैदराबादेस गेली, तरी हा कुलचा निशाणावर राहिला.

मग १८७७ उजाडलें. १ जानेवारी रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें. सुमारें ९० संस्थानिकांना त्या प्रसंगीं साटिनचीं भरतकाम केलेलीं निशाणें देण्यांत आलीं. प्रत्येकावर युरोपच्या पद्धतीची ढाल, आणि ढालीवर त्या त्या घराण्याच्या इतिहासावरून किंवा दैवतावरून जुळविलेलें चिन्ह. हीं चिन्हें आंखलीं रॉबर्ट टेलर नांवाच्या बंगालच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें. युरोपच्या ढालींचा अभ्यास हा त्याचा छंद होता. शिंद्यांचा नाग, होळकरांचा सूर्य हीं त्यांच्या नाण्यांवर आलेलीं घरचीं चिन्हें. तीं आतां ढालींत कोंबलीं गेलीं. शेजारीं रक्षक पशु, खालीं ब्रीदवाक्य. अगदीं इंग्लिश सरदाराप्रमाणें. निशाणांचे पितळी दांडे इतके जड होते कीं एकेक उचलावयास दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत, आणि हत्तीवरून मिरवणूक निघावयाची झाली तर हें धूड कोठें धरावें हें कोणालाच उमगेना. दरबारांत हजर असलेला हैदराबादचा निजाम महबूब अली खान त्या वेळीं दहा-अकरा वर्षांचा पोर होता.

हा प्रसंग हास्यास्पद खरा, पण त्याचा परिणाम क्षुल्लक नव्हता. दाराच्या शरभाला आणि निशाणाच्या गरुडाला जें कधीं लागलें नव्हतें तें आतां लागलें: वरून मिळालेली मान्यता. चिन्ह कोणतें, तें ढालींत कसें बसावें, हें दुसऱ्यानें ठरविलें. आणि मग तीं ढालींतलीं चिन्हें संस्थानांच्या कागदांवर, बिल्ल्यांवर, दरवाज्यांवर फिरूं लागलीं. तोंपर्यंत राजानें आपलें चिन्ह बाहेर दाखवावें ही चाल होती. आतां त्या चिन्हांतून सार्वभौम सत्तेचेंही दर्शन होऊं लागलें. १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें आणि त्याचें निशाण उतरलें. कुलचा मात्र अजून भट्टींत भाजला जातो.

राहतां राहिला तो दिवाणखान्यांतला कागद. त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. ढालीवरच्या त्या सिंहावर आज कोणा कुळाचा हक्क उरलेला नाहीं, आणि रंग चांगला असेल तर तो डोळ्यांना बरा वाटतोही. अडचण आहे ती हवेची. जुन्या घरांतल्या चुन्याच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. कागदाखालीं तीच ओल कोंडते, खळ सुटते, बुरशी धरते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यांत सिंहाची शेपटी भिंतीपासून अलग होऊन लोंबूं लागते. ज्याला तरीही हौस असेल त्यानें कोरड्या, उन्हाकडच्या एकाच भिंतीला तो लावावा, नक्षी सपाट निवडावी, आणि बाकीच्या तीन भिंती चुन्याच्या पांढऱ्याच ठेवाव्या. लोडांना हिमरूचे अभ्रे घालावे. आणि कुळाचें म्हणून कांहीं कोरून घ्यावयाचें असेल, तर त्यासाठीं सुताराला बोलावून दाराची वरची पट्टी दाखवावी.